चाळिशीत सापडलेलं काम

माणसाला त्याचं काम कोणत्या वयात सापडावं, याला काही नियम नाही. काहींना ते मिसरूड फुटायच्या आत सापडतं, काहींना निवृत्तीनंतर, आणि पुष्कळांना सापडतच नाही. ते नोकरी करतात, संसार करतात आणि निघून जातात. त्यात त्यांचा काही दोष असतो असंही नाही. आज मी ज्या माणसाविषयी बोलणार आहे, त्याने तिशी गाठेपर्यंत जहाजावरची नोकरी केली, नाटकात कामं केली, चित्रं काढून पाहिली. यातलं काहीच टिकलं नाही. मग त्याने कॅमेरा हाती घेतला, आणि चाळिशीत तो पॅरिसच्या जुन्या गल्ल्यांमध्ये असा काही शिरला, की मरेपर्यंत बाहेर आला नाही. त्याचं नाव युजेन आत्जे. रस्त्यावरच्या फोटोग्राफीचा इतिहास सांगायचा तर आज त्याला टाळून पुढे जाता येत नाही. पण त्याने स्वतः आपल्या फोटोंना कधी कला म्हटलं नाही.

आत्जेचा जन्म १२ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळ, लिबूर्न या गावी झाला. तो लहान असतानाच आईवडील वारले. आजी-आजोबांनी त्याला बोर्दोला वाढवलं. बोर्दो हे बंदर. बंदरातल्या पोरक्या मुलाला समोर जो मार्ग दिसतो तोच त्याने धरला आणि व्यापारी जहाजावर नोकरीला लागला. १८७८ साली, एकविसाव्या वर्षी, समुद्र सोडून तो पॅरिसला आला. डोक्यात नाटकाचं वेड होतं. तिथल्या सरकारी नाट्यविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत तो पहिल्या खेपेला नापास झाला, दुसऱ्या खेपेला पास झाला. पण त्याच सुमारास सक्तीची लष्करी सेवा मानेवर बसली. एकीकडे बराक आणि दुसरीकडे नाटकाचा वर्ग, अशी ओढाताण सुरू झाली, आणि १८८१ मध्ये विद्यालयाने त्याला काढून टाकलं.

तरी त्याने नाटक सोडलं नाही. फिरत्या नाटक मंडळींबरोबर तो गावोगाव हिंडला, बारीकसारीक भूमिका करत राहिला. १८८६ मध्ये व्हॅलेंटाईन नावाच्या नटीशी त्याची ओळख झाली आणि ती त्याची जन्माची सोबतीण झाली. पुढच्याच वर्षी घशाच्या आजाराने त्याचा आवाज बिघडला. नटाचा आवाज गेल्यावर काय उरतं? त्याने रंग आणि कुंचले हाती घेऊन पाहिले, पण चित्रकलाही जमली नाही. अखेर पोटापाण्यासाठी त्याने कॅमेरा धरला आणि १८९० मध्ये पॅरिसला येऊन धंदा सुरू केला. दारावर पाटी लावली : ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’.

ही पाटी नीट समजून घ्यायला हवी. त्या काळी चित्रकाराला चित्रात एखादं झाड, एखादा घाट, एखादं जुनं दार हवं असेल, तर तो दरवेळी तिथे जाऊन बसू शकत नसे. त्याला समोर ठेवायला नमुना लागे. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याला, लोखंडी कठडे घडवणाऱ्या कारागिराला, इमारती बांधणाऱ्यालाही असे नमुने लागत. आत्जे हे नमुने पुरवी. म्हणजे गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल असा स्वच्छ फोटो काढायचा, त्यावर क्रमांक टाकायचा आणि चार पैशांना विकायचा. यात कसली आली आहे कला? यात होता तो धंदा. पण धंदा करता करता माणसाच्या हातून कधी कधी धंद्यापेक्षा मोठं काहीतरी घडतं. आत्जेच्या बाबतीत ते १८९७-९८ च्या सुमारास घडलं.

तेव्हाचं पॅरिस म्हणजे अर्धं पाडलेलं आणि अर्धं नव्याने बांधलेलं शहर होतं. १८५३ ते १८७० या काळात ओस्मान नावाच्या प्रशासकाने सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमावरून शहराच्या पोटातून रुंद, सरळ रस्ते काढले. शेकडो वर्षांच्या गल्ल्या त्यात गेल्या. पुढेही पाडापाडी थांबली नाही. आपल्याकडच्या तारखा आठवल्या तर त्या काळाची कल्पना येईल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून ट्रस्टने रुंद रस्ते काढायला घेतले. हवा खेळती हवी, उजेड हवा, गाड्या जायला जागा हवी. कारणं खोटी नव्हती. पण रस्ता रुंद होतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची घरंच जातात असं नाही. कट्टे, नळ, दुकानाच्या पाट्या, जिन्याचे कठडे, दुपारची सावली, सगळंच जातं. पॅरिसमध्ये हे जाणाऱ्या लोकांना चुटपुट लागली होती. जुन्या पॅरिसची नोंद ठेवण्यासाठी नगरपालिकेने १८९७ च्या अखेरीस एक समितीही नेमली. जुन्या शहराच्या फोटोंना ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत गिऱ्हाईक मिळू लागलं. आत्जेने हे ओळखलं. तो जुन्या पॅरिसच्या मागे लागला तो आधी बाजार पाहून. यात कमीपणा काही नाही. हेतू आकाशातून पडत नाही. पुष्कळदा तो बाजारातूनच घरी येतो आणि मग घरातलाच होऊन जातो.

त्याचं काम कसं चालायचं ते पाहण्यासारखं आहे. त्याचा कॅमेरा लाकडी, भात्याचा. त्यात १८ बाय २४ सेंटिमीटरची, म्हणजे साधारण वहीच्या पानाएवढी काच बसायची. एका काचेवर एकच फोटो. कॅमेरा, तिपाई, डोक्यावर घ्यायचं काळं कापड आणि काचांच्या पेट्या, असं पंधरा-वीस किलोचं ओझं घेऊन तो पहाटे निघे. सकाळी रहदारी कमी आणि उजेड कोवळा असे. घराचं छप्पर चौकटीत यावं म्हणून तो भिंग वर सरकवी. त्यामुळे त्याच्या अनेक फोटोंचे वरचे कोपरे काळवंडलेले दिसतात. घरी आल्यावर कागद काचेला चिकटवून चौकटीत घालायचा आणि उन्हात ठेवायचा. ऊनच फोटो छापी. त्यावेळी बाजारात सोप्या नव्या पद्धती आल्या होत्या, हातात मावणारे कॅमेरे आले होते. आत्जेने आपली जुनी रीत सोडली नाही. १८९९ पासून तो मोंपार्नास भागातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होता. एवढं ओझं घेऊन तो रोज जिने चढायचा आणि उतरायचा.

या जड कॅमेऱ्याचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. तो लपवता येत नाही. आज रस्त्यावरची फोटोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो चपळ माणूस. समोरच्याला कळायच्या आत तो फोटो टिपून पुढे निघालेला असतो. आत्जेला तशी सोय नव्हती. त्याला तिपाई रोवावी लागे, कापडाखाली डोकं घालावं लागे, आणि समोरच्या माणसाला म्हणावं लागे की, बाबा, जरा स्थिर उभा राहा. शतक संपता संपता त्याने रस्त्यावर पोट भरणाऱ्यांचे फोटो काढले. त्यात दिव्याच्या शेड विकणारा आहे, टोपल्या विकणारा आहे, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा आहे, घरोघर पाव पोचवणारी बाई आहे, चिंध्या गोळा करणारा आहे. ही सगळी माणसं आपल्या मालासकट, आपल्या पायांवर, आपल्या जागी उभी आहेत. कोणाची गंमत केलेली नाही, कोणाची कीवही केलेली नाही. १९०४ मध्ये त्यातल्या ८० फोटोंची पोस्टकार्डं निघाली.

आपल्यापैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यांना ही माणसं परकी वाटणार नाहीत. आमच्या मोहल्ल्यात पिंजारी यायचा. धनुकलीच्या तारेचा टणत्कार कोपऱ्यावर ऐकू आला की बायका जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. कल्हईवाला भाता लावून बसला की आम्ही पोरं त्याच्याभोवती. नवसागराचा तो धूर, आणि काळवंडलेल्या पातेल्यातून अचानक निघणारी चांदी! बोहारीण, चाकूला धार लावणारा, छत्री दुरुस्त करणारा, या सगळ्यांच्या हाका वेगवेगळ्या होत्या. हाकेवरून माणूस ओळखू यायचा. या लोकांचे फोटो आपल्यापैकी किती घरांत आहेत? लग्नातले फोटो आहेत, बारशातले आहेत. पातेल्यांना चांदी देणाऱ्या माणसाचा फोटो काढावा असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

आत्जेच्या या मालिकेतला एक फोटो जगभर गाजला. एक दाढीवाला म्हातारा, पुढ्यात हाताने फिरवायची बाजाची पेटी, आणि शेजारी गाणारी एक ठेंगणी मुलगी. म्हातारा थकलेला आहे, कॅमेऱ्याकडे पाहतो आहे. मुलीचा चेहरा मात्र वर, कुठल्यातरी खिडकीकडे असावा तसा उचललेला आणि आनंदाने उजळलेला. नाटकात मुख्य भूमिका न मिळालेल्या माणसाने रस्त्यावरच्या या दोघांना मुख्य भूमिका दिली, असं मला हा फोटो पाहताना नेहमी वाटतं.

पण त्याच्या बहुतेक फोटोंत माणसं नाहीतच. ओल्या फरसबंदीची गल्ली, अर्धवट उघडं दार, अंगणातला हातपंप, दुकानाबाहेर टांगलेले बूट. जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन याने १९३१ साली या रिकाम्या रस्त्यांची तुलना गुन्हा घडलेल्या जागेशी केली. त्या उपमेवर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. आपल्यासारख्या साध्या वाचकाने एवढंच करावं, की फोटो जरा जवळ घेऊन पाहावा. मग कोपऱ्यात एक धुरकट आकृती दिसते. कॅमेऱ्याचं भिंग कितीतरी वेळ उघडं असे. तेवढ्यात कोणी चालत गेलं तर त्याची नुसती छाया उरे. १९०८ च्या एका फोटोत एका खाणावळीचं दार आहे. दाराच्या काचेमागे आतल्या माणसांचे चेहरे आहेत, आणि त्याच काचेत तिपाई लावून उभा असलेला आत्जे स्वतः पुसटसा दिसतो आहे. स्वतःला त्याने एवढीच जागा दिली.

हळूहळू त्याचा धंदा आणि त्याची ओढ यांतलं अंतर कमी होत गेलं. गिऱ्हाइकाला राजवाडे हवे असत, कोरीव दारं हवी असत. ती तो देई. पण तो बिएव्र या छोट्या नदीच्या काठीही जाई. चामडी कमावणाऱ्यांच्या घाणीने भरलेली ती नदी पालिका झाकत चालली होती, आणि १९१२ पर्यंत पॅरिसमधून ती दिसेनाशी झाली. शहराच्या तटाबाहेर, बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्यात, कचरा वेचून जगणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. तिथेही तो गेला आणि त्या वस्तीचा त्याने स्वतंत्र आल्बम केला. आयफेल टॉवरकडे मात्र त्याने जवळपास पाठच फिरवली. पॅरिसच्या घरांच्या अंतरंगाचाही त्याने १९१० च्या सुमारास एक आल्बम केला. त्यातल्या काही खोल्या त्याच्या स्वतःच्या घरच्या होत्या, पण मथळ्यात घरमालक म्हणून भलत्याच कोणाचा उल्लेख होता!

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि व्हॅलेंटाईनचा मुलगा त्यात मारला गेला. आत्जेचं काम जवळपास थांबलं. काचेच्या निगेटिव्ह त्याने तळघरात हलवल्या. युद्ध संपलं तेव्हा तो साठी ओलांडून गेला होता. १९२० मध्ये त्याने सरकारच्या ललितकला खात्याच्या प्रमुखाला पत्र लिहिलं. आपण वीस वर्षांहून अधिक काळ, कोणी सांगितलेलं नसताना, जुन्या पॅरिसचे रस्ते टिपले, आता आपलं वय झालं, मागे वारस नाही आणि काम चालवणारा कोणी नाही, या संग्रहाचं पुढे काय होईल या काळजीने जीव बेचैन आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. पत्राचा उपयोग झाला. सरकारने सुमारे २,६०० निगेटिव्ह १०,००० फ्रँकना विकत घेतल्या.

त्यानंतरचा आत्जे मला सगळ्यांत जवळचा वाटतो. संग्रह सुरक्षित झाला होता, हाती थोडे पैसे आले होते. आता थांबायला हरकत नव्हती. तो थांबला नाही. उलट गिऱ्हाइकाचा विचार मागे पडला आणि तो मनाला येईल तिथे जाऊ लागला. सँ-क्लूच्या बागेतली झाडं आणि तळी, दुकानाच्या काचेआड उभे असलेले कपडे घातलेले पुतळे, त्याच काचेत उमटलेलं समोरच्या रस्त्याचं प्रतिबिंब. १९२५ च्या वसंतात, अडुसष्टाव्या वर्षी, तो सो नावाच्या उजाड बागेत पुन्हा पुन्हा गेला आणि काही फोटोंवर त्याने महिना आणि सकाळची वेळही लिहून ठेवली, सात, आठ. या फोटोंचा कोणाला काय उपयोग होणार होता?

त्याच्याच रस्त्यावर मॅन रे नावाचा अमेरिकन चित्रकार-फोटोग्राफर राहत होता. स्वप्न आणि अद्भुत यांच्या मागे लागलेल्या नव्या कलावंतांपैकी तो एक. त्याने आत्जेचे काही फोटो विकत घेतले आणि १९२६ मध्ये त्यातले काही त्यांच्या नियतकालिकात छापले. एक तर मुखपृष्ठावरच घेतला. १९१२ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी पॅरिसच्या चौकात जमलेली, माना वर करून आभाळाकडे पाहणारी माणसं, असा तो फोटो. आत्जे एवढंच म्हणाला की माझं नाव छापू नका, हे साधे दस्तऐवज आहेत. नाव छापून यावं म्हणून संपादकांच्या दाराशी खेटे घालणाऱ्या आम्हा लिहिणाऱ्यांना हे वाक्य जरा लागतं.

मॅन रेकडे बेरेनिस ॲबट नावाची अमेरिकन तरुणी मदतनीस होती. १९२५ च्या सुमारास तिने आत्जेचे फोटो पाहिले आणि ती त्याच्याकडे जाऊ लागली. व्हॅलेंटाईन १९२६ मध्ये वारली आणि आत्जे एकटा पडला. १९२७ मध्ये ॲबटने त्याला आपल्या स्टुडिओत बोलावून त्याचे फोटो काढले. वाकलेला, ओव्हरकोट घातलेला, शांत म्हातारा. छापलेले फोटो दाखवायला ती गेली तेव्हा उशीर झाला होता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी आत्जे वारला होता.

इथे गोष्ट संपली असती. त्याच्या घरातल्या उरलेल्या काचा आणि कागद भंगारात जायला किती वेळ लागला असता? ॲबटने आत्जेच्या जुन्या नट मित्राला शोधून काढलं आणि १९२८ मध्ये सुमारे दीड हजार निगेटिव्ह आणि हजारो छापील फोटो विकत घेतले. तेव्हा ती तिशीची होती, श्रीमंत नव्हती. १९२९ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली तर ते शहरही पाडून पुन्हा बांधणं चालू होतं. तिने कॅमेरा उचलला आणि रस्त्यावर उतरली. बदलत्या न्यूयॉर्कवरचं तिचं पुस्तक १९३९ मध्ये आलं. म्हणजे एका म्हाताऱ्याचं काम वाचवता वाचवता तिला स्वतःचं काम सापडलं! आत्जेचा संग्रह तिने चाळीस वर्षं सांभाळला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो विकत घेतला आणि १९८१ ते १९८५ या काळात त्यावर चार मोठी प्रदर्शनं भरवली. वारस नाही म्हणून तळमळणाऱ्या माणसाला असा वारस मिळाला.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. दिवसाकाठी आपण किती फोटो काढतो ते आपल्यालाच आठवत नाही. तरुण मुलं विचारतात, इतके सगळे काढत असताना मी आणखी एक काढून काय करू? माझं वेगळेपण त्यात काय? आत्जेने हा प्रश्न विचारल्याचं दिसत नाही. त्याने एक शहर निवडलं, त्यातला जाऊ घातलेला भाग निवडला आणि तीस वर्षं तो तिथे पुन्हा पुन्हा गेला. वेगळेपण त्या जाण्यातून आलं. समोरच्या वस्तूकडे त्याचं इतकं लक्ष होतं, की स्वतःकडे पाहायला सवड नव्हती. कवितेतही असंच होतं. मनातलं सांगायला बसलं की ओळ हटून बसते, आणि समोरच्या कडुनिंबाकडे नीट पाहिलं की मनातलं आपोआप येतं.

तुमच्याही गावात एखादी जुनी पेठ असेल. तिथे एखादा शेवटचा बुरूड असेल, छापखाना असेल, ज्याच्या पाटीचा रंग उडाला आहे असं एखादं पानाचं दुकान असेल. पुनर्विकासाचा फलक लागायच्या आत एकदा तिथे जा. दुकानदाराला आधी विचारा, तो हो म्हणाला तर फोटो काढा, आणि एक प्रत त्याला नेऊन द्या. फोनमध्येच ठेवला तर तो हजार फोटोंच्या खाली गाडला जाईल, म्हणून कागदावर छापून घ्या. मागे गल्लीचं नाव आणि तारीख लिहा. जागेचं नाव आत्जे नेमाने लिहीत असे. त्याने लिहिलेल्या गल्ल्यांपैकी कित्येक आता पॅरिसमध्ये नाहीत, आणि त्या कुठे होत्या, कशा होत्या, हे आज त्याच्या अक्षरावरून कळतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)